गड होता, रयत नव्हती: मुस्तांगच्या तिबेटी तळाचं प्रकरण

१९७४च्या उन्हाळ्यात उत्तर नेपाळातल्या मुस्तांगमध्ये एक टेप छावणीछावणीतून वाजवली जात होती. टेप घेऊन आले होते दलाई लामांचे मेहुणे फुंत्सोक ताशी ताकला, आणि टेपवरचा आवाज खुद्द दलाई लामांचा होता. शस्त्रं खाली ठेवा, नेपाळी सैन्याशी लढू नका, असा निरोप होता. ऐकणारे बहुतेक खाम्पा होते, म्हणजे पूर्व तिबेटातल्या खाम प्रांताचे लोक. त्यातले कितीतरी जण चौदा वर्षं त्या डोंगरांत होते. ज्याच्यासाठी बंदूक उचलली, तोच बंदूक ठेवायला सांगत होता. बहुतेकांनी ठेवली. काहींनी ठेवली आणि मग स्वतःचा जीव घेतला.

तिबेटच्या सशस्त्र लढ्याचा हा शेवट. याची एक सोपी गोष्ट सांगितली जाते. अमेरिकेने तिबेट्यांना वापरलं, निक्सन पेकिंगला (आजच्या बीजिंगला) गेले, माओंशी हात मिळवला आणि खाम्पांना वाऱ्यावर सोडलं. यात खोटं काही नाही, पण ती अर्धी आहे. माझ्या मते मुस्तांगचा तळ निक्सन विमानात बसण्याच्या निदान सात-आठ वर्षं आधीच अडकून पडला होता. तो कसा अडकला, हे नीट पाहिलं तर आजच्या तिबेटी प्रतिकाराचं बळ कुठे आहे आणि कुठे नाही, तेही कळतं.

खाम आधी पेटलं

२३ मे १९५१च्या सतरा कलमी कराराने ल्हासाच्या राजवटीला तूर्त हात लावणार नाही, असं चीनने कबूल केलं होतं. पण हे ल्हासाच्या अखत्यारीतल्या तिबेटापुरतं. द्रिचू नदीच्या (चीनच्या यांगत्सेचा वरचा प्रवाह) पूर्वेचा खाम चीनच्या हिशेबात सिचुआनचा भाग, त्याला हे संरक्षण नव्हतं. त्यामुळे जमिनीचं वाटप, मठांच्या मालमत्तेवर टाच आणि 'लोकशाही सुधारणा' या नावाखालच्या जाहीर झडत्या तिथे १९५५-५६मध्येच सुरू झाल्या. त्यातच बंदुका जमा करण्याचा हुकूम निघाला. खाम्पाच्या घरात बंदूक म्हणजे आपल्याकडे देवघरातली तलवार असते तशी, फरक इतकाच की ती रोज वापरातली. हुकूम काढणाऱ्यांना हे कळलं नसावं, किंवा कळूनच काढला असावा.

१९५६मध्ये लिथांगच्या मठाला चिनी फौजेने वेढा घातला आणि शेवटी विमानांतून बॉम्ब टाकले. याच लिथांगचा एक धनाढ्य व्यापारी होता, गोम्पो ताशी आंद्रुगत्सांग. दलाई लामांना सोन्याचं सिंहासन अर्पण करायचं, या निमित्ताने त्याने गावोगावी वर्गणी गोळा केली. सिंहासन खरंच झालं, १९५७मध्ये अर्पणही झालं, आणि त्याआडून माणसं जोडली गेली. १६ जून १९५८ रोजी ल्हासाच्या दक्षिणेला ल्होका भागात पिवळ्या निशाणाखाली या लोकांनी आपली फौज जाहीर केली. नाव ठेवलं 'चुशी गंगद्रुक', चार नद्या आणि सहा पर्वतरांगा. खामचं हे जुनं नाव. त्या चार नद्यांतली एक द्रिचू. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सीआयए तोवर यात उतरली होती. १९५७मध्ये सहा खाम्पांना प्रशांत महासागरातल्या सायपान बेटावर नेऊन बिनतारी यंत्र, नकाशावाचन, पॅराशूट हे सगळं शिकवलं गेलं. त्यातल्या दोघांची तुकडी मार्च १९५९मध्ये दलाई लामांच्या पलायनाच्या वाटेवर त्यांना येऊन मिळाली आणि त्यांच्या यंत्रावरून बातमी वॉशिंग्टनला पोचत राहिली. पुढचं प्रशिक्षण कोलोरॅडोतल्या कॅम्प हेलला, बर्फाळ डोंगरांत. शिकायला गेलेले तिबेटी त्या जागेला 'दुम्रा' म्हणत, म्हणजे बाग.

तळासाठी जागा

१९५९च्या ल्हासातल्या उठावानंतर चुशी गंगद्रुकचे उरलेले लोक भारतात आले. बरेच जण सिक्कीममध्ये रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. पुन्हा लढायचं तर तळ हवा. नकाशावर मुस्तांग पाहिलं तर ते का निवडलं ते लगेच दिसतं. काली गंडकीच्या उगमाकडचा हा नेपाळचा तुकडा तिबेटच्या अंगात बोटासारखा घुसलेला आहे. लोक तिबेटी भाषा बोलणारे, धर्म तोच, लो मान्थांगला त्यांचा स्वतःचा राजा. काठमांडूहून तिथे पोचायला तेव्हा आठवडे लागत. आणि सरहद्दीपलीकडे त्सांगपोच्या, म्हणजे वरच्या ब्रह्मपुत्रेच्या, काठाने शिनजियांग-ल्हासा रस्ता जातो. पश्चिम तिबेटातल्या चिनी फौजेची रसद त्यावरून चाले.

योजना साधी होती. एकूण २,१०० माणसं, तीनतीनशेच्या तुकड्यांत थोडी थोडी आणायची. आधीच्या तुकडीला विमानातून शस्त्रं मिळाली, ती तिबेटात शिरून बसली, की पुढची. प्रत्यक्षात १९६०मध्ये सिक्कीमच्या रस्त्यांवरून खाम्पांची रीघ लागली आणि दोन हजारांवर माणसं एकदमच मुस्तांगला थडकली. इतके मजूर रातोरात गायब होतात म्हटल्यावर बातमी वर्तमानपत्रांत फुटली. त्याच सुमारास, १ मे १९६० रोजी, सोव्हिएत संघाने अमेरिकेचं यू-२ हेरविमान पाडलं आणि आयझेनहॉवर यांनी अशी सगळी उड्डाणं थांबवली. म्हणजे माणसं आली आणि विमानं थांबली.

तो हिवाळा अन्नाविना गेला. चार हजार मीटरच्या आसपासची ती उजाड भूमी स्थानिकांनाच जेमतेम पोसते, दोन हजार पाहुण्यांना कुठून पोसणार? माणसांनी कातडी उकळून खाल्ली. तळाचा सेनापती बाबा येशी, पूर्वाश्रमीचा भिक्षू. त्याच्यावर पुढे बरेच आरोप झाले आणि त्यातले सगळे खोटे नव्हते, पण या हिवाळ्यात त्याने माणसं टिकवून धरली हे मान्य करायला हवं.

शस्त्रांची पहिली खेप विमानातून १९६१च्या वसंतात पडली, तीही चारेकशे जणांना पुरेल इतकीच.

रक्ताने माखलेली पिशवी

१९६१च्या शरद ऋतूत रग्रा नावाच्या म्होरक्याच्या हाताखाली चाळीसेक घोडेस्वार सरहद्द ओलांडून महामार्गावर दबा धरून बसले. चिनी लष्कराची गाडी आली. गोळीबारात गाडीतले सगळे मेले. त्यांत एक वरिष्ठ अधिकारी होता. त्याच्यापाशी निळी पिशवी होती, गोळ्यांनी चाळण झालेली आणि रक्ताने भिजलेली. आत कागद होते, हजार-पंधराशेच्या वर. घोडेस्वारांना चिनी वाचता येत नव्हतं. त्यांनी पिशवी उचलली आणि मुस्तांगला परत आले.

कागद अमेरिकेला पोचले तेव्हा सीआयएच्या लोकांना आपल्या नशिबावर विश्वास बसेना. त्यात चिनी सैन्याच्या अंतर्गत गुप्त पत्रिकेचे १९६१चे एकोणतीस अंक होते. माओंची 'मोठी झेप' ही उत्पादनवाढीची मोहीम कशी फसली, दुष्काळ किती भीषण आहे, घरच्या पत्रांनी जवानांचं मनोधैर्य कसं खचलंय, रशियाशी किती फाटलंय, हे सगळं चिनी सैन्याच्याच शब्दांत. १९६३मध्ये ते अभ्यासकांना खुले झाले आणि त्या काळातल्या चीनच्या अभ्यासाचा एक आधारच बनले.

मुस्तांगच्या चौदा वर्षांतला हा सर्वांत मोठा विजय. तो कोणाचा, हा प्रश्न मला सतावतो. घोडेस्वार तिबेटी, रक्त चिनी, फायदा वॉशिंग्टनचा. तिबेटची वीतभर जमीनही त्याने मोकळी झाली नाही. आणि याच यशामुळे मुस्तांगकडे बघायची अमेरिकी नजर ठरून गेली. हे लोक माहिती आणणारे. लढून देश सोडवणारे नव्हेत.

अडकलं कुठे

गनिमी कावा काय असतो हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. त्याला मागे गड लागतो आणि भोवती रयत लागते. मावळा ज्या खोऱ्यात लढला ते त्याचंच खोरं होतं. रात्री भाकरी देणारं घर, शत्रूची बातमी आणणारा गुराखी, जखमीला लपवणारं गाव, हे सगळं तिथलंच.

मुस्तांगला गड होता. समोरच्या मुलुखात रयत जवळजवळ नव्हतीच. सरहद्दीपलीकडचं नैर्ऋत्य तिबेट म्हणजे उघडं माळरान, मैलोनमैल एखादा याकवाला. लपायला झाड नाही. शिवाय लढणारे खामचे, आणि खाम तिथून हजार-दीड हजार किलोमीटर पूर्वेला. आपल्या गावासाठी बंदूक उचललेला माणूस अशा जागी लढत होता, जिथून त्याचं गाव दिसणं सोडाच, तिथल्या गुराख्याची बोलीसुद्धा त्याला धड कळत नसे. छापा घालायचा आणि रात्रीत परत नेपाळात यायचं, यापलीकडे काही जमेना. चिन्यांनी सरहद्दीवर ठाणी वाढवली, रस्त्यावरची वाहतूक राखणीत चालवली, आणि छापेही विरळ झाले.

सीआयएला हे दिसत होतं. तळ तिबेटात हलवा, असा तिचा तगादा होता. बाबा येशी हलले नाहीत. त्यांना भित्रे म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. १९५९-६०मध्ये तिबेटच्या आत पेंबार वगैरे भागांत विमानातून माणसं आणि शस्त्रं उतरवली होती. तिथे हजारो लोक बायकामुलं आणि गुरांसकट एकत्र जमले. चिनी विमानांनी त्यांना वरूनच टिपलं. हे ऐकलेला सेनापती दोन हजार माणसं उघड्या माळावर नेऊन बसवायला कचरला, तर त्यात नवल काय?

तेव्हा तळ आत जाईना. आत जात नाही म्हणून शस्त्रं येईनात, शस्त्रं नाहीत म्हणून आत जाणं आणखी अशक्य. १९६५ची खेप शेवटची ठरली. पैसा मात्र येत राहिला. पुढे खुल्या झालेल्या १९६४च्या एका अमेरिकी टिपणात तिबेट कार्यक्रमाचा वर्षाचा खर्च १७ लाख ३५ हजार डॉलर दाखवलाय. त्यात नेपाळमधल्या २,१०० छापामारांसाठी ५ लाख. काम नसलेल्या फौजेला पगार मिळत राहिला तर काय होतं, हे कुठल्याही इतिहासात सापडेल. हिशेबावरून भांडणं झाली, पूर्वीचा वतनी वाद उकरला गेला, पंचविशीत आलेले तरुण पस्तिशीकडे झुकले, काहींनी तिथल्या मुलींशी लग्नं केली, शेती धरली.

१९६९मध्ये बाबा येशींना हटवून ग्यातो वांगदूला नेमण्याचं ठरलं. वांगदू गोम्पो ताशींचा पुतण्या आणि सायपानच्या पहिल्या सहांतला एक. बाबा येशी आपली माणसं घेऊन वेगळे झाले आणि पुढे नेपाळ सरकारला जाऊन मिळाले. फितुरी हा शब्द आपल्याकडे पटकन तोंडात येतो आणि इथे तो चुकीचाही नाही. पण फितुरी सहसा हरलेल्या तळावरच होते. त्याच सुमारास सीआयएने मदत टप्प्याटप्प्याने बंद होणार असल्याचं कळवलं. किसिंजर गुपचूप पेकिंगला गेले ते जुलै १९७१मध्ये, म्हणजे त्यानंतर.

शेवटचं वर्ष

यजमान नेपाळची अडचणही समजून घ्यायला हवी. १९६१मध्ये त्याचा चीनशी सीमाकरार झाला होता, काठमांडू ते कोदारी रस्ता चीनने बांधून दिला होता, आणि सगळा भार भारतावर नको म्हणून राजाला चीन हवाच होता. डिसेंबर १९७३मध्ये राजा बीरेंद्र पेकिंगला जाऊन आले. काही महिन्यांतच तळाचा दुसरा प्रमुख माणूस, ल्हामो त्सेरिंग, पोखऱ्यात पकडला गेला आणि हजारो नेपाळी सैनिक मुस्तांगकडे निघाले. हत्यारं टाका नाहीतर चढाई करतो, असा निर्वाणीचा निरोप आला. सुरुवातीची ती टेप याच वेळची.

वांगदूने शस्त्रं टाकली नाहीत. चाळीसेक घोडेस्वार घेऊन तो पश्चिमेला निघाला, कधी नेपाळातून, कधी तिबेटातून, भारताची हद्द गाठायला. भारत, नेपाळ आणि तिबेट जिथे भेटतात तिथल्या टिंकर खिंडीजवळ नेपाळी सैन्य दबा धरून होतं. हद्द नजरेच्या टप्प्यात असताना तो मारला गेला. त्याच्या वस्तू काठमांडूत लोकांना बघायला मांडून ठेवल्या होत्या. ल्हामो त्सेरिंग आणि त्याचे साथीदार १९८१पर्यंत नेपाळच्या तुरुंगात होते. बाकीच्यांचं पोखऱ्याच्या आसपास पुनर्वसन झालं. तिथे गालिचे विणले गेले, आणि एक हॉटेलही निघालं.

उसनी जमीन, उसनी रसद

या लढ्याचा आणखी एक फाटा भारतात होता. १९६२च्या युद्धाच्या शेवटी-शेवटी उत्तराखंडातल्या चक्राता इथे तिबेट्यांचं विशेष सीमा दल उभं राहिलं, ज्याला 'एस्टॅब्लिशमेंट २२' म्हणतात. तिबेटसाठी लढायला भरती झालेले हे लोक १९७१मध्ये पाठवले गेले चितगावच्या डोंगरांत. बांगलादेशासाठी पन्नासहून अधिक तिबेटी मेले आणि त्याची वाच्यता झाली नाही. ऑगस्ट २०२०मध्ये लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या दक्षिणेला याच दलाचे न्यिमा तेन्झिन जुन्या सुरुंगावर पाय पडून गेले. तेव्हा लेहमधल्या अंत्ययात्रेला दिल्लीतला सत्ताधारी पक्षाचा नेता उघडपणे आला, शवपेटीवर तिरंगा आणि तिबेटचा ध्वज दोन्ही होते. पुढे चीनशी बोलणी सुरू झाली आणि त्या अंत्ययात्रेची चर्चा विरली. तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचं भारताने २००३मध्ये लिहून दिलंय, ते तसंच आहे.

धरमशालेचं निर्वासित प्रशासन आज नेमकं मुस्तांगच्या जागी उभं आहे, फक्त हातात बंदूक नाही. जमीन भारताची, पैशाचा मोठा वाटा अमेरिकेचा. जुलै २०२४मध्ये अमेरिकेने तिबेटच्या बाजूचा नवा कायदा केला. २०२५च्या सुरुवातीला तिथल्याच नव्या सरकारने परदेशी मदत गोठवली, आणि ज्या अमेरिकी रेडिओवरून तिबेटी बातम्या आत जात त्यातही मोठी नोकरकपात झाली. सहा महिन्यांत दोन्ही. देणाऱ्याची नियत वाईट असावीच लागते असं नाही, त्याची गरज बदलली की पुरतं. तिकडे नेपाळने वाट जवळजवळ बंद केली आहे. २००८च्या आधी वर्षाला दोन-तीन हजार तिबेटी हिमालय ओलांडून येत, आता तो आकडा अगदी मोजका उरलाय.

महाराष्ट्रातही याचा एक धागा आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२मध्ये वसली, निक्सन पेकिंगला गेले त्याच वर्षी. मुस्तांगमध्ये वांगदूचे लोक तेव्हा अजून घोड्यावर होते. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकायला बसतात ते लोक अशाच वसाहतींमधले. त्यांच्याशी आपलं बोलणं भावाच्या घासाघिशीपलीकडे जात नाही.

आतून

आता उसनी नसलेली बाजू. जानेवारी २००६मध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या कालचक्र सोहळ्यात दलाई लामा म्हणाले, वाघ-बिबट्याची कातडी अंगावर घालणं सोडा. तिबेटातून आलेले यात्रेकरू परत गेले आणि काही आठवड्यांत खाम आणि ईशान्येकडच्या आम्दो प्रांताच्या गावांत लोकांनी लाखमोलाच्या कातड्यांच्या होळ्या केल्या. ना विमान, ना बिनतारी, ना डॉलर. चिनी अधिकाऱ्यांना याची इतकी धास्ती बसली की दूरचित्रवाणीवरच्या तिबेटी निवेदकांना कातडी घालायला लावली गेली. मुस्तांगच्या चौदा वर्षांत चीन सरकार इतकं गोंधळलेलं मला कुठे दिसत नाही.

मार्च २००८ची निदर्शनं ल्हासापुरती राहिली नाहीत, बहुतेक तिबेटी मुलुखात पसरली. त्यानंतर 'ल्हाकार' ही चळवळ आली. बुधवारी शुद्ध तिबेटी बोलायचं, चुपा हा तिबेटी झगा घालायचा, आपल्याच माणसाच्या दुकानात जायचं. २००९पासून दीडशेहून अधिक जणांनी स्वतःला पेटवून घेतलं. त्याबद्दल काही लिहायला माझी लेखणी धजत नाही. आणि फेब्रुवारी २०२४मध्ये दर्गे परगण्यात कामतोक धरणाविरुद्ध लोक रस्त्यावर आले. गावं आणि शतकांपूर्वीची भित्तिचित्रं असलेले मठ बुडणार होते. भिक्षू अधिकाऱ्यांपुढे गुडघे टेकून रडताना जगाने पाहिले. शेकडो लोक पकडले गेले. दर्गे खाममध्ये आहे, आणि ते धरण होतंय द्रिचूवर, चुशी गंगद्रुकच्या नावातल्या चार नद्यांपैकी एकीवर.

म्हणजे रयत आहे, आणि ती अजून तिथेच आहे. पण गड नाही. चीनला ही रयतच बदलायची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३मध्ये सांगितलं की सुमारे दहा लाख तिबेटी मुलं सरकारी निवासी शाळांत आहेत, आणि तिथे शिक्षण चिनी भाषेतून होतं. आणखी वीस वर्षांनी ही मुलं आजीशी कुठल्या भाषेत बोलतील, यावर बरंच काही ठरणार आहे. बंदुकीने आता काही होणार नाही, हे धरमशालेलाही माहीत आहे. वाटाघाटींतून स्वायत्तता मिळेल असंही मला दिसत नाही. शेवटची फेरी जानेवारी २०१०मध्ये झाली, आणि बीजिंगला नुसतं थांबायचं आहे.

थांबायचं कशासाठी, तर दलाई लामांच्या मृत्यूसाठी. १९९५मध्ये त्यांनी पंचेन लामा (दलाई लामांखालोखालचं धर्मपद) म्हणून ओळखलेला सहा वर्षांचा मुलगा तीन दिवसांत नेला गेला, तो अजून कोणाला दिसलेला नाही. २००७मध्ये पुनर्जन्मालाही सरकारी परवानगी हवी असा नियम निघाला. २ जुलै २०२५ रोजी, नव्वदीच्या चार दिवस आधी, दलाई लामांनी जाहीर केलं की परंपरा चालू राहील आणि वारस ओळखण्याचा हक्क फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग न्यासाचा. हाही निरोप ध्वनिचित्रमुद्रितच होता. दोन दलाई लामा निघतील, एक बीजिंगचा, एक निर्वासितांचा, आणि दुसरा वयात यायला पंधरा-वीस वर्षं लागतील.

त्या मधल्या वर्षांचीच बीजिंग वाट पाहतंय, पण मला वाटतं त्यांनी मुस्तांगची टेप विसरून हिशेब मांडलाय. १९७४मध्ये दीड-दोन हजार सशस्त्र, चिडलेले खाम्पा एका आवाजासरशी थांबले. तेव्हापासून तिबेट्यांचा राग तोच एक आवाज अडवून धरत आलाय. तो थांबला की दर्गेच्या एखाद्या पोराला, किंवा चक्रात्यातल्या एखाद्या जवानाला, आवर म्हणून सांगणारी टेप कोण पाठवणार?